पोटाच्या सवयी घरातच लागतात

पालकहो, आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो कळायला सोपा आणि बोलायला अवघड आहे. मूल तान्हं असतं तेव्हा आपण त्याच्या शीची चौकशी दिवसातून चार वेळा करतो. पातळ झाली, हिरवट झाली, दोन दिवस झालीच नाही, सगळं आजीला फोनवर सांगतो. मूल पहिली-दुसरीत गेलं की ही चौकशी थांबते आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं त्या आतड्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मग चाळिशीत कधीतरी पोटात कळ येते, ताप चढतो, स्कॅन होतो आणि डॉक्टर 'डायव्हर्टिक्युलायटिस' असा घरात कुणी कधी न ऐकलेला शब्द उच्चारतात.

हे हितगुज मुख्यतः जपानमध्ये संसार मांडलेल्या आपल्या मराठी घरांशी आहे. टोकियोच्या निशी-कासाईत, योकोहामात, कुठेही असाल. पण पुण्या-नाशिकच्या आईबाबांनीही ऐकावं, कारण जपानच्या ताटाचं जे झालं तेच आपल्या ताटाचं होतं आहे.

आधी आजार समजून घेऊ. मोठ्या आतड्याची भिंत स्नायूंची असते. रक्तवाहिन्या ज्या ठिकाणी भिंतीत शिरतात तिथे ती थोडी कच्ची असते. आतला दाब वर्षानुवर्षं वाढत राहिला की त्या कच्च्या जागी आतलं अस्तर बाहेर फुगतं, सायकलच्या टायरला चीर गेली की तिथून ट्यूब फुगून बाहेर येते तसं. या वाटाण्याएवढ्या पिशव्या म्हणजे डायव्हर्टिक्युला. त्या असणं हा बहुतेकांच्या बाबतीत आजार नसतो. वय वाढतं तशा त्या अनेकांना होतात आणि बहुतेकांना त्यांचा पत्ताही लागत नाही. त्यातल्या एखाद्या पिशवीला सूज आली, जंतुसंसर्ग झाला, तर तो डायव्हर्टिक्युलायटिस. पिशव्या असलेल्यांपैकी शेकडा पाचांहून कमी लोकांवर ही वेळ येते. आलेला झटका सहसा औषधांनी आणि काही दिवस हलका आहार घेऊन बरा होतो. पण कधी गळू होतं, क्वचित आतडं फुटतं आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

जपानमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. युरोप-अमेरिकेत या पिशव्या बहुतेक करून पोटाच्या डाव्या बाजूला, आतड्याच्या शेवटच्या वळणात होतात. जपान, कोरिया, चीन या देशांत त्या जास्त करून उजव्या बाजूला होतात. म्हणजे दुखतं ते नेमकं अपेंडिक्सच्या जागी. शिवाय उजव्या बाजूचा हा त्रास तुलनेने तरुण वयात, तिशी-चाळिशीतही होताना दिसतो. तेव्हा 'हे म्हाताऱ्यांचं दुखणं' असं समजून पुढचं वाचायचं सोडू नका. तुम्ही त्याच वयाचे आहात.

आता हा आजार जपानमध्ये आला कसा ते बघा. युगांडात बरीच वर्षं काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट आणि इंग्लंडचे नील पेंटर यांनी 1971 मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. भरपूर चोथा, म्हणजे फायबर, खाणाऱ्या आफ्रिकी खेड्यांत हा आजार जवळपास दिसत नाही आणि पांढरा पाव खाणाऱ्या देशांत घरोघरी दिसतो, तेव्हा हा चोथ्याच्या कमतरतेचा आजार आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या काळी जपानही हा आजार विरळा असलेल्या देशांत मोडत होता. पण 1973 मध्ये हवाई बेटांवरच्या जपानी वंशाच्या लोकांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या आतड्यांत या पिशव्या मायदेशातल्या जपान्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळल्या. रक्त तेच होतं, ताट बदललं होतं. पिशव्यांची जागा मात्र उजवीच राहिली. मला या अभ्यासात आपल्या परदेशी गेलेल्या घरांसाठी मोठी सूचना दिसते. वंशातून काय आलं ते बदलता येत नाही, पण देश बदलल्यावर ताटात काय वाढायचं हे आपल्या हातात राहतं.

जपानचं मायदेशातलं ताटही थांबलं नाही. युद्धानंतर उपासमारीच्या दिवसांत, 1945 च्या डिसेंबरात टोकियोत लोकांच्या खाण्याची सरकारी पाहणी सुरू झाली आणि पुढे ती देशभर दर वर्षी होऊ लागली. त्या नोंदींवरून दिसतं की 1950 च्या सुमारास जपानी माणूस दिवसाला 20 ग्रॅमच्या वर चोथा खात होता आणि शतक संपेतो हा आकडा 15 च्या आसपास आला. घट झाली ती मुख्यतः धान्यात. भातात जव मिसळणं बंद झालं, पोट भरण्यासाठी रताळी खाणं बंद झालं, तांदूळ पांढराशुभ्र झाला, सकाळच्या जेवणात जाड मऊ पाव आला, मांस वाढलं. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी जाऊन ब्रेड, नूडल्स आणि मैद्याची बिस्किटं आली, त्याचीच ही जपानी आवृत्ती आहे.

खरं ते सगळं सांगायला हवं म्हणून हेही सांगते: चोथा कमी खाल्ल्यामुळेच पिशव्या तयार होतात का, यावर आज संशोधकांत एकमत नाही. काही पाहण्यांत तसा संबंध आढळला नाही. आनुवंशिकतेचाही वाटा मोठा आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासांत तो 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास निघाला. पण पिशव्यांना सूज येणं, म्हणजे प्रत्यक्ष डायव्हर्टिक्युलायटिस, याचा आणि राहणीचा संबंध मात्र वारंवार दिसलेला आहे. ब्रिटनमधल्या सुमारे 47 हजार लोकांच्या पाहणीत शाकाहारी लोकांना या आजाराचा धोका 31 टक्क्यांनी कमी आढळला. अमेरिकेत आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या पुरुषांवर अनेक वर्षं लक्ष ठेवून 2017 मध्ये जो निष्कर्ष मांडला गेला तो तर प्रत्येक घराने फ्रिजवर लावावा असा आहे. लाल मांस कमी, चोथा भरपूर, नियमित दमदार व्यायाम, आटोक्यातलं वजन आणि धूम्रपान अजिबात नाही, या पाच गोष्टी सगळ्यांनी पाळल्या असत्या तर त्या गटातले जवळपास निम्मे डायव्हर्टिक्युलायटिस टळले असते, असा त्यांचा हिशेब निघाला. निम्मे! आणि या पाचांपैकी एकही गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही.

बघा, या पाचही गोष्टी सवयीच्या आहेत. चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं म्हणून भाजी आवडायला लागत नाही. आठव्या वर्षी घरात रोज दिसली म्हणून आवडते. म्हणून हे बोलणं डॉक्टरांच्या खोलीत न होता आज तुमच्या स्वयंपाकघरात व्हायला हवं.

मराठी घर जपानला गेलं की पहिल्या वर्षी ताटाचं काय होतं, ते आपण सगळे जाणतो. भाकरीचं पीठ सहज मिळत नाही, मिळालं तर महाग. पालेभाज्या ओळखीच्या दिसत नाहीत. लेबलं वाचता येत नाहीत. मग जे वाचल्याशिवाय कळतं ते घरात येतं: पाव, लोणी, चीज, दूध, नूडल्स, बटाटा, पांढरा तांदूळ. मूल ते आवडीने खातं आणि आई-बाबांना हायसं वाटतं. हळूहळू तेच घरचं जेवण होऊन बसतं. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. नव्या देशात दोन नोकऱ्या, लांबचा लोकलचा प्रवास आणि मदतीला कुणी नाही, अशा घरात संध्याकाळी काय शिजतं यावर शेरे मारणं सोपं असतं. पण जपानची बाजारपेठ चोथ्याच्या बाबतीत आपल्याहून गरीब नाही, उलट काही बाबतीत श्रीमंत आहे. ओळख करून घ्यायचा अवकाश.

निशी-कासाईच्या लोकांनी तर घरच्या भाजीपासून सुरुवात करावी. कोमात्सुना ही हिरवी पालेभाजी निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डातली. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने शिकारीला कोमात्सुगावा गावात आला, तिथे या भाजीचं सूप प्यायला आणि गावावरून तिला नाव दिलं, अशी कथा सांगतात. आज ती जपानभर वर्षभर मिळते, पालकापेक्षा देठाला करकरीत असते आणि लसणाच्या फोडणीत, मुगाच्या डाळीत किंवा ताकातल्या पातळ भाजीत सुरेख होते. मुलांना सांगा की ही आपल्याच वॉर्डातली भाजी आहे. मुलांना असं नातं कळलं की ती घास नाकारत नाहीत, निदान लगेच नाही.

गोबो बघून आपली माणसं पुढे जातात, कारण ते मातीने माखलेलं लांब काठीसारखं मूळ खायचं कसं हेच कळत नाही. सुरीच्या पाठीने खरवडायचं, पातळ काप करून थोडा वेळ पाण्यात ठेवायचे. जपानी बायका गाजराबरोबर तिळाच्या तेलात परतून सोया सॉस घालतात, त्याला किन्पिरा म्हणतात. आपण मोहरी, हिंग, सुकी मिरची घातली तरी छान लागतं. शंभर ग्रॅम गोबोत 5.7 ग्रॅम चोथा असतो. टोफू करताना सोयाबीनचा जो चोथा उरतो तो ओकारा. टोफूच्या दुकानात तो अगदी स्वस्तात मिळतो. थालीपिठाच्या पिठात मूठभर ओकारा मिसळा, मुलांना कळणारही नाही. वाळवलेल्या मुळ्याच्या किसाची, किरिबोशी दाइकोनची, भिजवून दह्यातली कोशिंबीर करा. अझुकी या लाल कडधान्याची उसळ करा. भात लावताना राइस कुकरमध्ये मोची-मुगी, म्हणजे चिकट जव, मूठभर टाका. सुरुवातीला चमचाभर, मग मूठभर. युद्धाआधीची जपानी घरं हेच करत होती. आणि हिवाळ्यात सुपरमार्केटच्या दाराशी गरम भाजलेली रताळी दिसतात ना, याकीइमो, शाळेतून आलेल्या मुलाला खायला त्याहून चांगलं आणि सोपं काय देणार? सालीसकट खाऊ द्या.

किती हवं, असा प्रश्न येतोच. बालरोगतज्ज्ञांत एक सोपा ठोकताळा चालतो: मुलाच्या वयात पाच मिळवा, तेवढे ग्रॅम चोथा रोज. आठ वर्षांच्या मुलीला 13 ग्रॅम. सालीसकट मध्यम सफरचंदात सुमारे चार ग्रॅम येतात, लहान वाटी शिजवलेल्या राजम्यात सहा-सात. पांढऱ्या पावाच्या पातळ स्लाइसमध्ये जेमतेम एक-दीड. हिशेब रोज मांडत बसायची गरज नाही, पण एकदा मांडून बघाच. मोठ्यांसाठी जपानच्या आरोग्य खात्याने 2020 च्या मार्गदर्शक प्रमाणांत पुरुषांना किमान 21 आणि स्त्रियांना 18 ग्रॅम सांगितले. आपल्या जुन्या पद्धतीच्या भाकरी-उसळ-कोशिंबिरीच्या ताटात एवढं सहज भरत असे. चोथा वाढवताना मात्र आठवड्या-आठवड्याने वाढवा आणि पाणी बरोबर वाढवा. एकदम वाढवला तर पोट फुगतं, आणि पाणी कमी पडलं तर चोथा फायद्याऐवजी त्रास देतो. टोकियोच्या कोरड्या थंडीत मुलांना तहान लागत नाही, म्हणून हिवाळ्यात पाण्याची बाटली रोज संध्याकाळी उघडून पाहा.

बिया, शेंगदाणे, मका, तीळ यांच्याबद्दल एक जुनी भीती अजून फिरते: हे दाणे पिशव्यांत अडकतात, म्हणून बंद करा. सुमारे 47 हजार पुरुषांच्या 18 वर्षांच्या पाहणीत 2008 मध्ये ती निराधार ठरली. उलट दाणे आणि पॉपकॉर्न खाणाऱ्यांना धोका कमी दिसला. तेव्हा घरात आजोबांना हा आजार आहे म्हणून नातवाची शेंगदाण्याची चटणी बंद करू नका.

आता शाळा. जपानने या बाबतीत जे केलं आहे त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी 1889 मध्ये एका मंदिरातल्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, मासे आणि लोणचं देण्यापासून शालेय जेवणाची सुरुवात झाली. 1954 मध्ये त्याचा कायदा झाला. युद्धानंतर बरीच वर्षं या जेवणात पाव आणि पावडरचं दूध असे. 1976 मध्ये भात अधिकृतपणे परत आला. 2005 मध्ये तर मुलांना खाण्याचं शिक्षण देण्यासाठी स्वतंत्र कायदा आला आणि शाळांत पोषण-शिक्षक नेमले जाऊ लागले. या जेवणाच्या सरकारी मानकात कॅल्शियम-प्रथिनांबरोबर चोथ्याचंही प्रमाण दिलेलं असतं. पांढऱ्या टोप्या घालून मुलंच वाढतात, शिक्षक त्यांच्याबरोबर जेवतात. तुमचं मूल सरकारी शाळेत जात असेल तर महिन्याचं जेवणाचं पत्रक घरी येतं. ते बाजूला ठेवू नका. फोनने भाषांतर करून वाचा आणि आज गोबो मिळालं का, हिजिकी हे समुद्री शेवाळ आवडलं का, असं मुलाला विचारा. शाकाहारामुळे किंवा इतर कारणाने मूल डबा नेत असेल, इंटरनॅशनल शाळेत असेल, तर हा सगळा विचार त्याच्यासाठी दुसरं कुणी करत नाही. तो तुम्हालाच करायचा आहे. डब्यात रोज जॅम-ब्रेड जात असेल तर आठवड्यातले तीन दिवस तरी तो बदला.

पण पालकहो, ताटाइतकीच, कदाचित जास्त, महत्त्वाची गोष्ट संडासाची. इथे आपण कमी पडतो असं माझं मत आहे. चांगला आहार देऊनही मूल रोज शी दाबून धरत असेल तर ती कोरडी, कडक होत जाते, कुंथायची सवय लागते आणि ती मोठेपणीही सुटत नाही. जपानी समाज या विषयावर मुलांशी मोकळेपणाने बोलतो. तारो गोमी यांचं 1977 चं चित्रपुस्तक सगळे प्राणी शी करतात एवढीच गोष्ट सांगतं आणि जगभर वाचलं जातं. 2017 मध्ये शीच्या वाक्यांतून कांजी अक्षरं शिकवणाऱ्या वह्या आल्या आणि लाखांनी खपल्या. तरीसुद्धा जपानी शाळांतली पुष्कळ मुलं शाळेत शीला जायला लाजतात, मित्र चिडवतील म्हणून दिवसभर थांबतात. जपान टॉयलेट लॅबो नावाची संस्था याच प्रश्नावर शाळांतून काम करते. कारण फक्त लाज हे नाही. घरी गरम सीटची कमोड आणि शाळेत बसकं भांडं, असाही पेच असतो. 2016 मध्ये सरकारी प्राथमिक-माध्यमिक शाळांतली निम्म्याहून कमी भांडी कमोडची होती, 2023 मध्ये ती दोन तृतीयांशाच्या वर गेली. तुमच्या मुलाला शाळेत कुठलं भांडं आहे आणि तिथे जाताना काय वाटतं, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? आज विचारा. रागावून विचारू नका, हसू नका, आणि शेजारणीसमोर तर मुळीच विचारू नका.

उपाय सकाळी आहे. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं आणि सकाळच्या न्याहारीनंतर ही हालचाल चांगली जोरकस असते. निसर्गाने दिलेली ही वेळ आपण 'बस चुकेल, चल लवकर' म्हणत रोज वाया घालवतो. जपानच्या शिक्षण खात्याने 2006 पासून लवकर झोपा, लवकर उठा आणि सकाळचं जेवण घ्या, अशी देशव्यापी मोहीम चालवली. आपल्या आजीनेही हेच सांगितलं असतं. शाळेला निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास मूल न्याहारी करून मोकळं असलं पाहिजे, मग दहा मिनिटं शांतपणे बसू द्या, हातात फोन नको. पाय लोंबकळत असतील तर पायाखाली छोटं स्टूल द्या. उकिडवं बसल्यावर मार्ग सरळ होतो आणि कुंथावं कमी लागतं, हे जपानी संशोधकांनी 2010 मध्ये मोजून दाखवलं आहे. झाली नाही तर नाही. ओरडायचं नाही. सवय लागायला काही आठवडे जातात.

चालण्याचं जपानमध्ये वेगळं सांगायला नको. बहुतेक मुलं शाळेत पायी जातात. तुम्ही शनिवार-रविवारी त्यांना घेऊन निशी-कासाईजवळच्या ग्योसेन पार्कासारख्या ठिकाणी जा, नदीकाठाने सायकल चालवा, मॉल पुरे.

आता थोडं तुमच्याबद्दल, विशेषतः बाबांबद्दल. रात्री दहाला ऑफिसातून बाहेर, मग सहकाऱ्यांबरोबर बिअर, भाजलेलं मांस, एखादी सिगारेट, घरी येऊन झोप. सकाळी न्याहारी न करता लोकल. 2013 मध्ये टोकियोतल्या एका मोठ्या रुग्णालयात कोलोनोस्कोपी झालेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात मद्य आणि धूम्रपान या दोन्हींचा या पिशव्यांशी संबंध आढळला. पाठदुखी-डोकेदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेण्यानेही डायव्हर्टिक्युलायटिसचा धोका वाढतो. त्या वारंवार लागत असतील तर डॉक्टरांना दाखवा. मूल तुमचं ताट बघून शिकतं आणि तुमचं घाईत जगणंही.

एक शेवटची, तातडीची गोष्ट. पोटाच्या खालच्या भागात एकाच जागी, उजवीकडे असो वा डावीकडे, सतत वाढणारी कळ, त्याबरोबर ताप, उलटी किंवा शौचातून रक्त, असं काही झालं तर वेदनाशामक घेऊन रात्र काढू नका. जपानमध्ये सीटी स्कॅनची सोय भरपूर आहे आणि निदान लवकर होतं. मुलाच्या बाबतीत रात्री काय करावं कळत नसेल तर #8000 वर सल्ला मिळतो, टोकियोत मोठ्यांसाठी #7119 आहे, आणि प्रकृती गंभीर वाटली तर सरळ 119. हे तीन आकडे आज रात्रीच फोनमध्ये साठवून ठेवा, आणि उद्या सकाळचा गजर अर्धा तास आधीचा लावा.